गुरुजी काय म्हणाले?

“काय म्हणतात गं गुरुजी?”

समय्याने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. गुरुजी दारात दिसले तेव्हा तो हातमागाच्या खड्ड्यातून असा धडपडत वर आला होता की हातातला धोटा खाली ठेवायचंही त्याला भान राहिलं नव्हतं... आणि आता तो धोटा छातीशी धरून, एकदा चटईवर बसलेल्या देवाजी गुरुजींच्या तोंडाकडे आणि एकदा आपल्या लेकीच्या तोंडाकडे पाहत तो उभा होता. गुरुजींच्या बोलण्यातलं त्या भोळ्या जीवाला ओ की ठो कळत नव्हतं! गुरुजी हसतायत म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, एवढाच त्याचा अंदाज.

आणि जिने सांगायचं ती लेक, राजक्का, सोळा वर्षांची पोर, दाराच्या चौकटीला पाठ लावून गप्प उभी होती.

गुरुजी सांगत होते ते असं: “समय्याभाऊ, पोरीनं नाव काढलं तुमचं! सातवीले साऱ्या केंद्रात पह्यली आली. मी चांद्याले बोलून ठेवलं. मास्तरणीच्या टरेनिंगले घेऊन राह्यले तिले. दोन वर्सं तिथी राहाचं, खाचं-प्याचं सारं सरकार पाह्यते. मंग आपली राजक्का मास्तरीण होऊन येते! तुमी निसतं हो म्हना.”

अहो, एवढ्या बोलण्यावर दुसरी एखादी पोर अंगणभर नाचली असती! राजक्काच्याही अंतःकरणात आनंद उसळला, नाही असं नाही. पण तो ओठांपर्यंत येण्याआधीच तिने गिळून टाकला. कारण आपण चांद्याला गेलो, तर या घरात मराठी बोलणारं कुणीच उरत नाही, हे त्या क्षणी फक्त तिलाच कळत होतं.

नऊ वर्षांपूर्वी निजामाच्या मुलखात धामधूम माजली, तेव्हा समय्या आपली बायको लच्चव्वा आणि सात वर्षांची राजक्का यांना घेऊन चेन्नूरकडून प्राणहिता ओलांडून इकडे आला होता. सिरोंच्यालाच थांबला असता तर तेलुगू बोलणारे पैशाला पासरी भेटले असते. पण कुणीतरी म्हणालं, चामोर्शीकडे लुगडी विणणाऱ्याला काम आहे, आणि हा बाबा चालतच सुटला! चामोर्शीत सगळीकडे मराठी, तीही झाडीपट्टीची. मोठ्यांची जीभ काही वळेना. दिवसभर मागाच्या खड्ड्यात बसणाऱ्याची वळणार तरी कशी? पोरीची मात्र तीन महिन्यांत वळली... आणि तिथेच त्या लेकराचं लेकरूपण संपलं म्हणा ना! पटवारी आला, हाक मारा राजक्काला. सूतवाला आला, राजक्काला. लगोरीचा डाव रंगात यावा आणि घरातून “राजक्काऽ” म्हणून हाक यावी, हे ठरलेलंच.

बाजारात एखादा म्हणे, “ह्या तेलंग्याले काई समजत नाई, बैल हाये निरा!” बापू, म्हणजे तिचा बाप, विचारी, “काय म्हणाला गं?” आणि आठ वर्षांची पोर सांगे, “पोत छान आहे म्हणतो, बापू.” कधी भावावरून घासाघीस झाली की बापू भडकून समोरच्याच्या सात पिढ्या उद्धारी, आणि ही त्या माणसाला सांगे, “बापू म्हणते, घाई नाई, आरामात पाहा.” याचा परिणाम काय झाला असेल? समय्याला चामोर्शीतली झाडून सारी माणसं देवमाणसं वाटत, आणि समय्याइतका गोड बोलणारा विणकर साऱ्या जिल्ह्यात नाही, असं चामोर्शीला वाटे! मधलं जे काही कडूजहर होतं ते त्या चिमुकल्या पोटात साठत गेलं. दाराशी अनोळखी आवाज आला की अजूनही तिच्या मनात आधी हेच येई... आता काय ऐकावं लागणार, आणि त्यातलं काय सांगायचं नाही!

कधी कधी गंमतही होई. एकदा शेजारच्या रुखमाबाईच्या घरी बारशाचं जेवण होतं. पान भरलं तशी लच्चव्वा म्हणाली, “चालु, चालु.” तेलुगूत चालु म्हणजे पुरे. रुखमाबाईला वाटलं, बाई म्हणते वाढणं चालू ठेवा! तिने आणखी दोन डाव वरण ओतलं. ही “चालु, चालु!” म्हणत पानावर आडवी, आणि ती वाढतेच आहे! घरी परतताना लच्चव्वा पुन्हा पुन्हा म्हणत होती, “किती जीव लावतात गं ही माणसं! पुरे पुरे म्हटलं तरी ऐकत नाहीत!” आता अशा आनंदावर कोण पाणी ओतणार? राजक्का तोंड फिरवून हसली.

पण एक गोष्ट हसण्यावारी जाणारी नव्हती.

राजक्का नऊ वर्षांची असताना तिचा दहा महिन्यांचा भाऊ तापाने फणफणला. बापू गाडी हाकत, आई बाळाला मांडीवर घेऊन, अशी ती सगळी दिवसभराची वाट तुडवून दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी बाळाला तपासलं, आणि आईबापांना बोलणं कळत नाही हे पाहून ते गुडघ्यावर बसले आणि त्या नऊ वर्षांच्या पोरीलाच हळू आवाजात म्हणाले, “बाळ वाचणार नाही, बेटा. आईला सांग. आता घरी घेऊन जा.”

राजक्काने आईकडे पाहिलं. आई पदराचं टोक मुठीत आवळून तिच्याच ओठांकडे टक लावून बघत होती... त्या डोळ्यांत पाहून ते वाक्य कोण उच्चारू शकलं असतं? तुम्ही? मी?  अर्धंच वाक्य बाहेर आलं. “घरी घेऊन जा म्हणतात, अव्वा.”

लच्चव्वा डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवून, हसतमुखाने गाडीत येऊन बसली! बाळ बरं होणार, आता त्याला हलवू नये, म्हणून तिने त्याला मऊ गवतावर निजवलं आणि वाटभर नवऱ्याशी हसत बोलत राहिली. अर्ध्या वाटेत बाळ गेलं.

डॉक्टर खरं काय म्हणाले होते, ते राजक्काने रडत रडत तेव्हा सांगितलं. लच्चव्वाने तिला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, “सांगितलं असतंस, तर मी त्याला वाटभर छातीशी तरी धरलं असतं.”

त्या दिवसापासून लच्चव्वाने तिला ‘बिड्डा’ म्हणून हाक मारली नाही. बिड्डा म्हणजे लेकरा... त्यांच्याकडे आईच्या तोंडी हा शब्द असा सहज असतो, दिवसातून शंभरदा येतो. जेवू घालायची, वेणी घालायची, आजारी पडली तर उशाशी बसायची. पण हाक मारायची ती ‘राजक्का’ अशी, नावाने. आणि त्या अभागी पोरीने मनाशी कायमची गाठ बांधली, की आपल्या जिभेने या घराचं एवढं मोठं नुकसान केलंय, आता ही जीभ जन्मभर या घराचीच!

“अगं, सांग नं बापाले!” गुरुजी चटईवरून पुन्हा म्हणाले. “शिक्षण चालू ठेवाचं का, इचार!”

 बापूच्या नजरेला नजर न देता, त्याच्या हातातल्या धोट्याकडे पाहत राजक्का तेलुगूत म्हणाली, “सदुवु चालु, बापू.” शिक्षण झालं तेवढं पुरे.

आणि विधिलिखित कसं असतं बघा! त्या तेलुगूतून गुरुजींच्या कानांनी एकच ओळखीचा शब्द पकडला. “हां! चालू! चालू!” मांडीवर थाप मारून ते हसले. समय्याने ते ऐकलं. खुद्द गुरुजीच स्वतःच्या तोंडाने चालु म्हणतायत, मग आणखी विचारायचं काय? त्याचा चेहरा एकदम उतरला... पण त्याने हात जोडले आणि तोही म्हणाला, “चालु, गुरुजी.”

“बस्स! सोमवारी मी चांद्याले जातो. तवरिक या फारमावर बापाचा अंगठा घेऊन ठेव,” असं म्हणत कागद राजक्काच्या हाती देऊन गुरुजी खुशीत निघून गेले. राजक्का दोघांकडेही पाहून हसली होती. त्यांची पाठ वळल्यावर तिने तो कागद सुताच्या कांड्यांच्या टोपलीखाली सरकवला.

जेवताना समय्या मध्येच थांबला. “मला वाटलं होतं, तू अजून शिकशील,” तो म्हणाला. मग लगेच म्हणाला, “नाही, जाऊ दे. गुरुजींना आपल्यापेक्षा जास्त कळतं.” पोर ताटावरून उठली.

रविवारी बाजार होता. बाबूभाईंच्या गिरणीत धान कांडायला न्यायचं होतं, आणि बापूबरोबर राजक्का जायची, हा नऊ वर्षांचा रिवाज; पण त्या दिवशी बापूचा तो पडलेला चेहरा वाटभर सोबत घेऊन चालण्याचं धैर्य तिच्यात नव्हतं. “डोकं दुखतंय,” म्हणाली. समय्या पोतं डोक्यावर घेऊन पहिल्यांदाच एकटा गेला.

गिरणीत गर्दी होती. समय्याने पोतं रांगेत ठेवलं आणि कोपऱ्यात उभा राहिला. बाबूभाई मोठ्याने ओरडले, “झिंगू, इंजिन चालू कर!” आणि धडधडाट करत इंजिन फिरायला लागलं! समय्या दचकला. चालु म्हणतो, आणि हे तर सुरू झालं? थोड्या वेळाने बाबूभाई ओरडले, “बंद कर!” इंजिन थांबलं. पुन्हा “चालू कर!”, पुन्हा चाक फिरलं.

समय्याच्या डोक्यात काहीतरी हललं. तो पुढे झाला. फिरणाऱ्या चाकाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, “चालु?”

“हौ, चालू!”

समय्याने हाताचा पंजा आडवा धरून, थांब, अशी खूण केली. “चालु?”

“अरे नाई बाप्पा, ते बंद!” बाबूभाई हसत सुटले. “चालू म्हंजे असं... पुढं, पुढं!” त्यांनी हात गोल गोल फिरवून दाखवला. “तुमची पोरगी नाई का चांद्याले चालली? गुरुजी साऱ्या बाजारात सांगून राह्यले, पोरीचं शिक्षण चालू म्हणून. तसं चालू!”

समय्याला पोरगी कळलं, चांदा कळलं, गुरुजी कळलं. आणि चालू तर समोर धडधडत होतं! धान तिथेच टाकून तो तडक घराकडे वळला. मागून बाबूभाई ओरडत राहिले, “अरे, पोतं! पोतं तर घेऊन जा!”

राजक्का अंगणात सूत वाळत घालत होती. लच्चव्वा ओसरीवर कांड्या भरत बसली होती. समय्या धापा टाकत आला आणि लेकीसमोर उभा राहिला.

“गुरुजी काय म्हणाले होते?”

“सांगितलं ना बापू... चालु.”

“माझ्या चालुतलं चालु, की त्यांच्या चालूतलं?”

राजक्काच्या हातातलं सूत खाली पडलं. नऊ वर्षांत बापूने तिला असा प्रश्न कधी विचारलाच नव्हता! तिने ओसरीवरची टोपली उचलली, तिच्याखालचा कागद काढून त्याच्या हातात दिला, आणि ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागली.

“मी पहिली आले, बापू. दोन वर्षं मास्तरणीच्या शिक्षणाला चांद्याला ये म्हणतात. उद्या सकाळी गुरुजी निघतात, त्याआधी यावर तुझा अंगठा हवा.”

“मग का गं? का असं केलंस?”

“मी गेले तर तुमचं कोण बोलेल? बाजारात तुला कुणी फसवलं तर? अव्वा आजारी पडली तर... डॉक्टर काय म्हणाले, ते कोण सांगेल?”

डॉक्टर! सात वर्षांत त्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. लच्चव्वाचा हात चरख्यावर तसाच राहिला. ती उठली. एकेक पाऊल टाकत पोरीजवळ आली, तिचे हात तोंडावरून बाजूला केले, आणि तिच्याकडे बघत राहिली... जणू सात वर्षांनी नीट बघत होती!

“सात वर्षं मी मनातल्या मनात तुलाच विचारत राहिले, का नाही सांगितलंस, का नाही सांगितलंस,” लच्चव्वा म्हणाली. “एवढ्याशा लेकराला ते सांगायला कुणी लावलं, असं मी स्वतःला एकदाही विचारलं नाही! आम्ही दोन मोठी माणसं बाजूला उभी होतो, आणि ते ओझं तुझ्या डोक्यावर ठेवलं... माझं एक लेकरू वाटेत गेलं, बिड्डा, आणि दुसरं डोळ्यांसमोर असून मी उचलून घेतलं नाही!”

“मला भीती वाटली, अव्वा! तू माझ्याकडे बघत होतीस ना, म्हणून...”

“ती अर्धी वाट मी हसत होते. आठवतंय मला. त्यानंतर तसं कधी हसलेच नाही मी... ती अर्धी वाट तू मला दिलीस, बिड्डा!”

आणि मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा कुडाआड पळाल्या. समय्याने डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि तो कागद छातीशी धरून म्हणाला, “झालं का रडून? मग उठा. गुरुजी उद्या सकाळी निघतील. आत्ताच जायचं. आणि राजक्का, आज तू एक अक्षर बोलायचं नाहीस!”

भर दुपारी तिघं गल्लीतून निघाली. समय्या पुढे, ओठांत पुटपुटत... नऊ वर्षांत कानांवर पडलेला एकेक मराठी शब्द तो गोळा करत होता. रुखमाबाई दारातूनच ओरडली, “काऊन वं लच्चव्वा, सारे कुठी चालले?”

लच्चव्वाने सवयीने लेकीकडे पाहिलं. पण उत्तर समय्याने दिलं. “मास्तर घर! पोरगी चांदा!”

“अवं माय! समय्या बोलला!” रुखमाबाईने तोंडावर हात नेला.

देवाजी गुरुजी ओसरीवर वळकटी बांधत होते. समय्या त्यांच्यासमोर उभा राहिला. घामाने अंग निथळत होतं. एवढा मोठा माणूस, पण पाटी हातात घेतलेल्या पोरासारखा उभा!

“मास्तर,” तो म्हणाला. “माझा पोरगी खोटं सांगितला. मले सांगितला, शाळा बस. माझ्यासाठी सांगितला. पोरगी चांगला हाये. चांदा जाते. मी अंगठा देते.”

गुरुजींच्या हातातली दोरी सुटली. “काय झालं वं राजक्का? काय म्हणून राह्यला बाप?” राजक्काने तोंड उघडलं... आणि लच्चव्वाने हळूच आपला तळवा तिच्या ओठांवर ठेवला. गुरुजींनी त्या तळव्याकडे पाहिलं, समय्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग ते आत गेले आणि शाईची दौत घेऊन आले.

अंगठा उमटला. समय्याने तो कितीतरी वेळ फुंकर मारून वाळवला. कागद परत देताना मात्र त्याचा हात सुटेना.

“मास्तर... चांदा... पोरगी बिमार, तर? कोण?”

गुरुजी आता सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. “माही बहीण हाये तिथी. पोरीले पाह्यते. आपल्या पोरीवानी. तुमी काळजी नोका करू, समय्याभाऊ.”

समय्या लक्ष देऊन ऐकत होता. बहीण कळलं, पोरीवानी कळलं. एका शब्दाशी तो अडला.

“काळजी?” त्याने विचारलं. “काळजी म्हंजे?”

गुरुजींनी डोकं खाजवलं. आता हा शब्द हाताने कसा दाखवायचा? शेवटी सगळ्यांनीच राजक्काकडे पाहिलं. लच्चव्वाने तळवा काढून घेतला.

नऊ वर्षांत राजक्काने बापूला हजारो शब्द सांगितले होते, भाव सांगितले, निरोप सांगितले, कागद वाचून दाखवले... पण हा शब्द तिने त्याला कधी सांगितलाच नव्हता. ती अगदी हळू म्हणाली, “दिगुलु, बापू.”

समय्याने लेकीकडे पाहिलं.  मग तो गुरुजींकडे वळला.

“नाई मास्तर,” तो म्हणाला. “काळजी करते. नऊ साल पोरगी केला. आता पोरगी शाळा करते... काळजी मी करते.”

गुरुजींनी त्याचं मराठी सुधारलं नाही.